पाण्यात वाढणारा बूट

त्याला सगळे खडू म्हणत. दिवसभर लोकांच्या टाक्या, गिझर आणि नळ खरवडून तो घरी परतला की भुवयांपासून चपलांपर्यंत पांढरा असायचा. बायको दारातच अडवायची, "आधी अंग झटका, मग आत या. आज कुठल्या फळ्यावर झिजून आलात?" तो हसायचा आणि बाहेरच शर्ट काढून आपटायचा.

त्या भागातलं पाणी फार जड. बहुतेक इमारती बोअरवर चालायच्या आणि त्या पाण्यात क्षार इतका, की साबण निम्मा झिजला तरी फेस म्हणून येत नसे. धुतलेले केस सुतळीसारखे व्हायचे, आणि किटली कितीही घासा, आठवडाभरात तळाशी पुन्हा पापुद्रा धरायचा. "आपल्याकडे पाणी पीत नाहीत, चावतात," असं खडू म्हणायचा. पण पोट त्याच पाण्यावर चालायचं, म्हणून त्याला शिव्या देताना तो जरा हात राखून द्यायचा.

एका चार मजली इमारतीची टाकी तो बरीच वर्षं धूत आला होता. दरवेळी जिन्यात आधी सूचना लागायची आणि मग तो जायचा. त्या दिवशी मात्र सकाळीच निरोप आला, की नळ कोरडे पडलेत, लगेच या. टाकीत पाणी सोडणाऱ्या बॉलकॉकवर क्षार चढून तो अडकला असणार, हे त्याला ऐकूनच कळलं. तो थेट गच्चीवर गेला. झाकण सरकवलं, शिडीनं आत उतरला. पाणी घोट्याएवढं उरलं होतं. त्यानं टॉर्च लावला.

शिडीच्या मागच्या बाजूला काहीतरी लटकत होतं.

आधी त्याला वाटलं, वटवाघळं. मग वाटलं, बंद टाकीत वटवाघळं कुठून येणार? नायलॉनच्या दोऱ्यांना तीन पांढऱ्या वस्तू टांगल्या होत्या. एक कंगवा होता, त्याचे दात एकमेकांत मिटून गेलेले. एक छोटा पेला, काठोकाठ दगड भरल्यासारखा. तिसरी वस्तू त्यानं तळहातावर घेतली आणि तिच्या वजनानं त्याचा हात खाली गेला. तो बूट होता, एका पट्ट्याचा. बक्कल होतं तिथे नुसता उंचवटा राहिला होता. बाहेरून बघितलं तर मोठ्या बाईच्या पायाचा वाटावा. पण आत बोट घालायला गेला तर बोट शिरेना. आतून तो जवळजवळ बंद झाला होता.

तेवढ्यात टाकीत अंधार झाला. वरच्या तोंडाशी कुणीतरी वाकलं होतं.

"त्याला हात लावू नका," एका बाईचा आवाज आला. सिमेंटच्या भिंतींवरून तो चारही बाजूंनी आला.

त्या बाईचा एक हात झाकणावर होता, हे खडूला खालून दिसत होतं. झाकण लोखंडी होतं. आतून त्याला काही धरायला नव्हतं.

"ताई, मी टाकीवाला," तो शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाला. "बॉलकॉक अडकलाय. तेवढाच बघतोय."

"आज यायचं नव्हतं तुम्ही. सूचना लागली नव्हती."

"नळ बंद पडले म्हणून बोलावलं."

मग झाकणावरचा हात निघाला. "वर या," ती म्हणाली. "तो घेऊन या. पण सांभाळून. पडला तर फुटेल."

ती तिसऱ्या मजल्यावरची शिवणताई होती. एकटी राहायची, इमारतीतल्या सगळ्यांचे कपडे शिवायची. गळ्यात मापाची टेप कायम. खडूनं तिला जिन्यात अनेकदा पाहिलं होतं, बोलणं मात्र कधी झालं नव्हतं. तिनं बूट पदरात घेतला, गच्चीच्या कठड्यावर ठेवला आणि टाचेपासून टोकापर्यंत टेप लावली.

"थोडा वाढलाय," ती म्हणाली.

खडूनं विचारलं, "कुणाचा?"

"मुलीचा. शाळेत घालायची होती तेव्हा घेतलेला जोड. शाळेच्या आधीच ताप आला आणि त्यातच ती गेली." शिवणताईचा आवाज कपड्याचं माप सांगावं तसा होता. "एक बूट कपाटात जपून ठेवला. त्याचा भुगा झाला. दुसरा गॅलरीत गळक्या नळाखाली बादलीत पडून राहिला होता, मला पत्ताच नव्हता. सापडला तेव्हा मोठा झाला होता. घरात ठेवलेलं झिजतं हो. पाण्यात ठेवलेलं वाढतं."

तेव्हापासून शिवणताई मुलीच्या वस्तू टाकीत सोडत होती. सूचना लागली की काढायची, टाकी धुऊन भरली की पुन्हा टांगायची.

ते पाणी इमारतीतली सगळी बिऱ्हाडं पीत होती. टाकी धुवायला आला की खडूही ते ओंजळीनं प्यायला होता. ओरडून लोक गोळा करावेत, असं एकदा त्याच्या मनात आलं. पण ती टेपची गुंडाळी करत उभी होती आणि बूट पडू नये म्हणून त्याला कोपर लावून होती.

"टाकीत आता काही ठेवायचं नाही," तो म्हणाला. "लोक पितात ते. माझ्यासमोर शब्द द्या."

"मग ती वाढायची कुठे?"

त्यानं तिन्ही वस्तू फडक्यात गुंडाळून पिशवीतून तिच्या घरी पोचवल्या. टाकी रिकामी करून दोनदा धुतली. खाली लोकांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "क्षार, दुसरं काय." चार दिवसांनी एक निळा ड्रम घेऊन तो तिच्या दारात उभा राहिला. न्हाणीघरात बोअरच्या पाइपाला त्यानं बारीक तोटी बसवून दिली. थेंब थेंब पाणी ड्रममध्ये पडायला लागलं. शिवणताईनं तिन्ही वस्तू दोऱ्यांनी त्यात सोडल्या.

"हे कुणी प्यायचं नाही," त्यानं बजावलं.

बायकोला त्यानं यातलं काही सांगितलं नाही.

पुढे त्या इमारतीत पाणी मऊ करायचं यंत्र बसलं. तेही खडूनंच जोडलं. नळ चकाकायला लागले, साबणाला फेस आला, लोक खूश झाले. शिवणताईची तोटी त्यानं यंत्राच्या अलीकडून घेतली होती, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. काही ना काही निमित्त काढून तो तिच्याकडे डोकावायचा. दरवेळी बूट आणखी जाड झालेला असायचा. ती माप घ्यायची आणि "नववीत गेली असती", "आता कॉलेज" असं काहीबाही सांगायची. तो ऐकायचा, कधी आपल्या मुलीचंही सांगायचा. तिथून निघाला की मान वळवून मागे बघायचा नाही.

एका वर्षी त्याची स्वतःची मुलगी सुट्टीला घरी आली. ती दुसऱ्या शहरात नर्स होती. तिचे बूट दाराशी पडले होते. जाता जाता खडू थांबला, खाली वाकला आणि त्यानं एक बूट उचलून आत हात घातला. हात टोकापर्यंत गेला. आत ऊब होती.

"बाबा, काय शोधताय?" मुलीनं विचारलं.

"काही नाही गं. खडा गेला का बघतोय."

दुसऱ्या दिवशी शिवणताईचा निरोप आला. ड्रम पुरत नव्हता. तो गेला तेव्हा ती न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली होती. पाण्यातल्या बुटाला आता बुटाचा आकार म्हणावा असा उरला नव्हता.

"मोठा ड्रम लागेल," ती म्हणाली.

"ताई, ती आता केवढी असती?"

"तुमच्या मुलीएवढी. एकाच साली झाल्यात दोघी."

"माझ्या मुलीचा पाय कधीच थांबला वाढायचा," खडू म्हणाला. "कालच बघितला. पोरी काही जन्मभर वाढत नाहीत."

शिवणताईनं त्याच्याकडे पाहिलं. टेप उलगडली, पाण्यावर धरली आणि मापच न घेता परत गुंडाळली.

"थांबला म्हणता?"

"थांबला."

तिनं हात लांब करून तोटी स्वतः बंद केली. शेवटचा थेंब पडला, पाणी संथ झालं. खिडकी बंद होती, वारा कुठूनच येत नव्हता. तरी दोऱ्याला लटकलेला तो पांढरा गोळा आपल्या जागी हळूहळू फिरत राहिला, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. दोघं उंबऱ्यावर बसून बघत होती. तो थांबेपर्यंत कुणी उठलं नाही.