वाटीवर आलेली आज्जी

भालकीच्या आमच्या शाळेत दहावीच्या शेवटच्या बाकावर आम्ही तिघी बसतो: मी, सविता आणि महानंदा. इतिहासाच्या सरांनी आम्हाला एक प्रोजेक्ट दिला आणि किस्से इतके साठले, की वहीची मागची पानंच आधी भरली.

विषय होता, मेलेल्यांशी बोलता येतं असं मानणाऱ्यांचा इतिहास. सर सांगत होते, अमेरिकेत दोन बहिणी होत्या. प्रश्न विचारला की आत्मे टकटक करून उत्तर द्यायचे. बऱ्याच वर्षांनी एकीने कबूल केलं, आवाज आमच्या पायाच्या बोटांचा होता. महानंदाने लगेच बाकाखाली चप्पल काढून बोट मोडलं. टक्!

सर दाराकडे वळून म्हणाले, "या, आत या."

या पंथात मोठमोठे शास्त्रज्ञ, डॉक्टरही होते. एवढे शिकलेले कसे फसले, असं सविताने विचारलं. सर म्हणाले, "शिकलेल्याला कारणं जास्त सापडतात."

तेव्हा आत्म्यांचे फोटोही निघायचे. महानंदाला त्याचं काहीच वाटलं नाही. तिच्या अण्णाच्या लग्नाच्या अल्बममध्ये वारलेले आजोबा नवरदेवाशेजारी उभे आहेत. स्टुडिओवाल्याने त्यांना फेटाही बांधलाय!

सविता मात्र हे सगळं मनावर घेत होती. दहावीनंतर शाळा बंद, असं तिच्या अप्पांनी सांगितलं होतं. अप्पा फक्त आपल्या आईचं ऐकायचे, आणि ती आज्जी दिवाळीत वारली.

मग मधल्या सुट्टीत कॅरम बोर्डवर खडूने अक्षरं काढली, मधे वाटी पालथी घातली आणि सविताच्या आज्जीला बोलावलं. आमच्या घरी आत्मा मानत नाहीत, म्हणून मी त्या दोघींसारखं वाटीवर बोट ठेवलं नाही, नुसती लिहीत होते. वाटी सरकली: शि, कू, द्या. सविता रडली. महानंदाचं नख जोर लावून पांढरं झालेलं मला दिसत होतं. ते मी लिहिलं नाही.

संध्याकाळी सविता मला वहीसकट घरी घेऊन गेली. अप्पा विळ्याला धार लावत होते. सगळं ऐकून त्यांनी वही मागितली. त्या पानावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"माझी आई अंगठा लावायची. ही अक्षरं कुठली आली तिला?"

सविताने मान खाली घातली. मीही.

अप्पांनी वही मिटून तिच्या हातात दिली.

"तिकडं जाऊन शिकली म्हन की. मग तू कामून थांबायलीस?"