झेंडीवाले काका

आमच्या पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, हे काका राइस मिलच्या मालगाडीपुढे लाल झेंडी घेऊन चालायचे. गाडी भर वस्तीतून जायची, म्हणून काकांच्या पुढे जायची तिला परवानगीच नव्हती. रायपूर राजधानी झालं, रूळ उखडले, पण काकांची चाल तीच राहिली. ताठ, सावकाश, मागे न बघता.

भावाच्या लग्नाचं मंगळसूत्र घेऊन मी स्कूटरसकट सदर बाजाराच्या गर्दीत अडकलो. मुहूर्त तोंडावर. तिथेच काका भेटले. त्यांनी खांद्यावरचा लाल गमछा उंच धरला.

"स्कूटर माझ्या मागं घे. हॉर्न नको मारू."

"काका, उशीर होऊन राहिला!"

"हव. पण आजवर कोणाले चिरडलं नाही आपण."

गर्दी खरंच बाजूला झाली. मांडवापाशी काका थांबले, पहिल्यांदाच वळले.

"किती डबे आणले रे?"

मी मागे पाहिलं. स्कूटरींची अख्खी रांग उभी होती, आणि शेवटी, गार्डाच्या डब्याच्या जागी, एक गाय.