उणे सात नंबरची लोरीन

लोरीन हॅचर वल्ही मारते तेव्हा तिच्याशी कुणी बोलू नये आणि ती माशी बांधते तेव्हा तर श्वाससुद्धा जपून घ्यावा. ही दोन्ही कामं तिच्याइतकी चांगली करणारं माणूस मॉन्टानातल्या आमच्या नदीवर मी पाहिलेलं नाही. मी काही तिचा भाट नाही. अकरा वर्षं तिच्या शेजारची बोट वल्हवतोय, एवढंच.

उन्हाळ्यात ती गिऱ्हाइकांना बोटीतून ट्राउट मासे धरायला नेते. हिवाळ्यात भाऊ डेलच्या दुकानात मागच्या टेबलाशी बसून गळावर पिसं आणि धागा गुंडाळते, ट्राउटला फसवायला खोट्या माश्या बनवते. सगळ्यात बारीक माशी तांदळाच्या कणीएवढी. बाकीचे ती भिंगाखाली बांधतात. लोरीन चष्मा कपाळावर सारते, नाक टेकेल इतकी वाकते आणि उघड्या डोळ्यांनी बांधते. नंबर उणे सात. चष्म्याशिवाय लांबची गाय आणि लांबची गाडी तिला सारखीच. पण वीतभर अंतरात ती डासाचे पाय मोजेल. तिच्या माशीपुढे ट्राउट दुसऱ्या माशीकडे ढुंकूनही बघत नाही, असं डेल म्हणतो. दुकान त्याचं आहे, तेव्हा त्यातलं थोडं सोडून द्यावं.

गेल्या जूनमध्ये तिचा चष्मा किटलीत गेला. किटली म्हणजे आमच्या नदीतला सगळ्यात वाईट खळाळ. तिथलं पाणी कायम उकळत असतं. लाट तोंडावर आली, चष्म्याची दोरी तुटली आणि खेळ खलास. दुसरा चष्मा होता, पण मागच्या बाकाखालच्या पिशवीत, आणि खळाळात वल्ही सोडायची नाहीत हा आमचा पहिला नियम. बोटीत एक बाप आणि त्याची नऊ वर्षांची पोर. लोरीननं पोरीला सांगितलं, आता एक खेळ खेळू, दगड दिसला की बाजू ओरडून सांग. पोरीनं अर्धा मैल घसा फोडला. बोट खाली लागली तेव्हा पोर हसत होती आणि बाप पांढराफटक पडला होता.

तेव्हापासून लोरीननं लेझर ऑपरेशनचं मनावर घेतलं. कॉन्टॅक्ट लेन्स तिनं पूर्वी वापरून पाहिल्या होत्या. एक नदीनं नेली, दुसरीखाली वाळू गेली. डोळ्यांच्या डॉक्टर ओकॉन्स्की बाई सरळ बोलणाऱ्या. तपासून म्हणाल्या, ऑपरेशन करता येईल, लांबचं स्वच्छ दिसेल. पण तुमचं वय सत्तेचाळीस, जवळचं आज जे फुकट दिसतंय ते जाईल आणि गेलेलं परत येत नाही. मग एकच डोळा करा, असं लोरीननं सुचवलं. दोन डोळ्यांत इतका फरक राहिला तर दगड किती लांब आहे तेच कळायचं नाही, असं बाईंचं उत्तर. त्यांनी आठवडाभराच्या लेन्स दिल्या आणि सांगितलं, या लावून माश्या बांधून बघा, पुढे काय होणार ते कळेल.

कळलं, पहिल्याच दिवशी. सवयीनं तिचा हात कपाळाकडे गेला, तिथे चष्मा नव्हता, तरी ती वाकलीच. समोर नुसतं धुकं. गळ भुवईत रुतला. तो पकडीनं मी काढला. आमच्याकडे भुवईत गळ जातो तो गिऱ्हाइकाच्या हातून. स्वतःहून गळाला लागलेली ही पहिलीच. मग वाचायचा चष्मा आणून तिनं कणीएवढ्या सहा माश्या बांधल्या आणि त्यातल्या चार स्वतःच कापून टाकल्या.

डेल ते बघत होता. म्हणाला, "वल्हवणारे मला दहा मिळतील. अशी कणी बांधणारी दुसरी कुठून आणू? तू बोट सोड ना."

"सोडायची असती तर त्याच दिवशी काठावर सोडली असती."

"वाचवलंस तू त्यांना, लोरीन."

"मी नाही. त्या पोरीनं वाचवलं. तिला ते माहीत नाही, तिच्या बापाला माहीत आहे. आणि तरी तो उतरताना मला थँक यू म्हणाला."

मला तिचा फार अभिमान वाटला आणि तितकंच वाईटही वाटलं. मार्चपर्यंत ती रोज कणीच बांधत राहिली, मोठी माशी हातात घेतली नाही. एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं.

मेमध्ये तिची पहिली फेरी. मी मागच्या बोटीत होतो. किटलीतून ती लोण्यातून सुरी जावी तशी गेली. खाली गिऱ्हाइकं उतरून गाडीकडे गेली, तरी ही बोटीतच बसून वर पाण्याकडे बघत राहिली. मला वाटलं, डोळे दुखतायत. जवळ जाऊन विचारलं.

"अकरा दगड आहेत," ती म्हणाली. "तिथे चष्म्याच्या काचेवर कायम पाणी उडायचं. बावीस वर्षं मी सात धरून माणसं नेत होते."