सुटलेली पुरवणी

विद्यापीठाच्या रत्नागिरीतल्या उपकेंद्रात, परीक्षा विभागात, मी हंगामी कारकून होते. दर अकरा महिन्यांनी एक दिवस ब्रेक, मग नवी ऑर्डर. आंबाही हंगामीच, पण त्याला निदान भाव असतो. २००१ च्या एप्रिलात माझा ब्रेक आठवड्यावर आला होता आणि घरात पगार माझा एकटीचाच होता.

आमच्याकडे काम सांगायचे तोंडी, चुकलं की मेमो यायचा लेखी. "उत्तरपत्रिकांचे सैल दोरे पुन्हा बांधा, दुपारच्या गाडीनं गठ्ठे गेले पाहिजेत," एवढं बोलून साहेब मीटिंगला गेले. शिपाई रजेवर. शेकडो पुरवण्यांचे दोरे मी एकटीच सोडत-बांधत बसले. गठ्ठ्यांवर लाखेचे शिक्के बसले, गठ्ठे मुंबईला गेले, आणि मग टेबलाखाली एक पुरवणी दिसली. चारही पानं गच्च लिहिलेली, वर बैठक क्रमांक.

शेजारचे हेडक्लार्क मान वर न करता म्हणाले, "गो, चुलीत घाल ती. साहेबांना सांगशील तर पयला तुझाच बळी. ऑर्डर व्हायचीय ना तुझी?"

डब्याखाली लपवून मी ती मांडवीला घरी आणली. दोन दिवस साहेबांनी हाक मारली की वाटायचं, कळलं. त्यांना हवं असायचं पंचिंग मशीन. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ती पानं न्हाणीच्या चुलीत घातली. त्याच जाळावर तापलेल्या पाण्यानं अंघोळ केली आणि कामावर गेले.

ऑर्डर झाली. मी देवापुढे साखर ठेवली, लाज वाटली तरी ठेवली.

निकालानंतर राजापूरकडची एक मुलगी खिडकीशी आली. पहाटेच्या एसटीनं आली होती. एका विषयात थोडक्या गुणांनी नापास झाली होती. "शेवटचा प्रश्न मी पुरा लिहिलेला, मॅडम. पुरवणी पण जोडलेली." तिच्या हॉलतिकिटावरचा क्रमांक मी वाचला. तोच होता. तिची दया आली, पण त्याहून जास्त भीती वाटली. आता ही साहेबांकडे गेली तर?

मी घाईघाईनं फेरतपासणीचा अर्ज पुढे सरकवला. तिनं सुवाच्य अक्षरात तो भरला.

"नीट बघतात ना, मॅडम?"

"हो, सगळी पानं बघतात," मी म्हणाले आणि अर्जावर शिक्का मारला.