सात नंबरचा पाळणा

"एक वेळ बिशपला नाचवशील, पण डिंफ्नाला चहा पाजून दाखव!" आयर्लंडमधल्या मेयोच्या किनाऱ्यावर ही पैजच होऊन बसली होती. इकडची रीत अशी, की पाहुण्याने दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा मुकाट्याने कप घ्यायचा. डिंफ्ना तिसऱ्यांदाही नको म्हणायची. सरकारी खर्च तपासण्यात तिचा जन्म गेला. ज्याचा खर्च तपासायचा, त्याच्या घरचं पाणीही तिला चालत नसे. बापाचं दुकान होतं. चहा पाजून उधाऱ्या बुडवणारी गोड माणसं तिने लहानपणीच पाहिली होती.

त्या जूनमध्ये ती जुन्या मठात आली. नन्स गेल्यावर तिथे परदेशातून आश्रय मागायला आलेली माणसं राहत, आणि सरकार माणशी भाडं भरत असे. घर सांभाळायची फिडेल्मा, डिंफ्नाची शाळासोबतीण.

"कागदावर सात नंबरात तीन माणसं दाखवलीयस. तान्हं कुठंय गं?"

फिडेल्माने केटल उचलली. "चहा टाकू?"

"फिडेल्मा!"

"भिंतीपलीकडे आहे," फिडेल्मा हळूच म्हणाली. भिंतीपलीकडे गावचं कबरस्तान होतं. "हिवाळ्यातच गेलं लेकरू. कळवायचं होतं गं मला. पाळणा आणायला वर जायचे, आणि नुसती त्याची चादर बदलून खाली यायचे."

"आणि भाडं?"

"चालूच राहिलं. हवं तर माझ्या पगारातून वसूल कर. पण मूल नाही म्हटल्यावर त्या दोघांना मोठी खोली मिळत नाही, लगेच लांब डोनेगलला धाडतील. येत्या रविवारी गावाचा कबरी सजवायचा दिवस. त्या लेकराची कोण सजवणार?"

डिंफ्ना वर गेली. सात नंबरात एरिट्रियाची लेतेब्रहान कॉफी भाजत बसली होती. नवरा मासळीच्या कामावर गेलेला. खिडकीशी पाळणा, त्यात घडी घातलेली शाल.

"बाई, कॉफी?"

"नको."

"घ्या ना."

"नको गं, कामावर आहे."

"फिडेल्मा म्हणते, इथे तीनदा विचारायचं." लेतेब्रहान हसली. "आमच्यात तीनदा प्यायची असते. तिसरा कप आशीर्वादाचा. तर, घेता?"

"नाही," डिंफ्ना म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तो नकार तिला जड गेला. "पाळणा न्यावा लागेल."

"न्या. मी कधीच दिला असता. पण फिडेल्मा चादर बदलताना रडते. तिला कसं सांगू, की आता पुरे?" लेतेब्रहानने शालीवरून हात फिरवला. "मला मात्र लांब धाडू नका, बाई. माझा तान्हा या गावात दुसऱ्या कुणालाच ओळखत नाही."

डिंफ्ना जिन्यात आली. मागोमाग धापा टाकत फिडेल्मा.

"या जिन्याजवळच्या बारक्या खोलीत काय भरलंयस?"

"लोकांनी दिलेले कपडे. निम्मे कुबट."

"दोघांचा पलंग मावेल?"

"मावेल की." फिडेल्मा थबकली. "तिची खिडकी भिंतीपलीकडे उघडते, माहितीय ना तुला?"

"खिडकीचा रकाना माझ्या कागदात नसतो."

तिने तिथेच लिहिलं: पाळण्याचं भाडं पूर्ण वसूल करावं. घरातच दोघांची खोली मोकळी होते, तेव्हा या जोडप्याला परगावी हलवणं म्हणजे अनाठायी खर्च. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

"ऐकतील वरचे?"

"दयेपोटी ऐकतील न ऐकतील. खर्च वाचतोय म्हटल्यावर ऐकतात."

ऐकलं. शनिवारी पलंग बारक्या खोलीत गेला. पाळणा दोघींनीच खाली आणला, एक बाजू लेतेब्रहानने धरली, एक फिडेल्माने.

रविवारी कबरस्तानात अख्खा गाव जमला होता. डिंफ्ना आईबापांच्या कबरीवर फुलं ठेवून, भिंतीलगतच्या इवल्या कबरीपाशी आली. लेतेब्रहानने थर्मास उघडला.

"बाई, कॉफी?"

"आज तपासणी नाही," डिंफ्ना म्हणाली आणि पहिल्याच विचारण्याला तिने हात पुढे केला.

फिडेल्माने आ वासला.

"तोंड मीट गं. आणि गावात बोललीस तर बघ!"

"मी? मी काही पाहिलंच नाही बाई!"

डिंफ्नाने रिकामा कप परत दिला. लेतेब्रहानने तो पुन्हा भरला.

"बसा," ती म्हणाली, "अजून आशीर्वाद बाकी आहे."