मालिकेत मी मेले तेव्हा

फोन आला तेव्हा मी अमरावतीत, हॉस्टेलच्या गॅलरीत इतिहासाच्या नोट्स घेऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी पेपर होता. मी ज्या मालिकेत काम करायचे, तिच्या कला विभागातली एक मुलगी बोलत होती. तिला माझा फोटो हवा होता.

"हसरा दे. मेकअप नको, घरगुती वाटला पाहिजे. आणि मोठी प्रिंट निघेल इतका स्पष्ट."

कशासाठी, ते मी विचारलं नाही. मला विचारायची सवयच नव्हती. कॉलेजात जाणारी मी आमच्या घरातली पहिली. परीक्षेचा फॉर्म कोणत्या खिडकीवर द्यायचा हे विचारायलाही मी मैत्रिणीला पुढे करायचे. मालिकेच्या सेटवर सात महिन्यांत मी एवढंच शिकले होते की जमिनीवर चिकटपट्टीची खूण असेल तिथे उभं राहायचं, आपलं वाक्य आलं की बोलायचं आणि बाकीचा वेळ कोणाच्या वाटेत यायचं नाही. मी नायिकेच्या धाकट्या बहिणीचं काम करत होते. बहुतेक प्रसंगांत मी चहाचा ट्रे आणायचे आणि ताईकडे काळजीने बघायचे.

शेवटच्या काही भागांत त्या धाकटीच्या लग्नाचा विषय निघाला होता. म्हणून मला वाटलं, मुलाकडच्यांना दाखवायला फोटो लागत असेल. आणि तसा फोटो माझ्याकडे होताच. मागच्या दिवाळीत आई-बाबांनी मला अकोल्याच्या एका स्टुडिओत नेऊन काढून घेतलेला, खऱ्या बायोडाटासाठी. आईची पिवळी साडी नेसले होते. मला हसू येईना, तेव्हा आई फोटोग्राफरच्या मागे उभी राहून स्वतःचे दात दाखवायला लागली आणि मी खरंच हसले. तो फोटो तीन ठिकाणी गेला होता. मग मालिका मिळाली आणि बाबांनी बायोडाटा कपाटात ठेवला. "टीव्हीवर दिसून राहिली तवर थांबू," ते म्हणाले. "पण एकबी विषय राहिला तं पाह्य."

मी फोटो पाठवला. तिने उत्तरात अंगठ्याचं चिन्ह पाठवलं. मी पुन्हा नोट्स वाचायला लागले.

परीक्षेसाठी मी पंधरा दिवसांची सुट्टी मागितली होती. नाही म्हणतील असंच वाटलं होतं. पण निर्मितीचं काम बघणाऱ्या सरांनी लगेच सांगितलं, "जा, नीट अभ्यास कर. आमची काळजी करू नकोस." किती चांगले लोक आहेत, असं मी हॉस्टेलमध्ये सगळ्यांना सांगितलं. घरी फोन करूनही सांगितलं.

शेवटचा पेपर झाल्यावर मी अकोल्याला उतरून तेल्हाऱ्याच्या गाडीने गावी गेले. संध्याकाळी सातला मालिका लागायची. आमच्या घरात आई, बाबा, माझी आत्या आणि गल्लीतल्या चार-पाच बाया बसल्या होत्या. आत्या मुद्दाम माझ्यासाठी आली होती. मी स्वतः घरी असताना मालिका बघायची, याचं सगळ्यांना अप्रूप होतं. मी दिसले की त्या एकदा पडद्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघणार, हे मला ठाऊक होतं. मला त्याची लाज वाटायची आणि ते आवडायचंही.

भाग सुरू झाला. दिवाणखान्यात सगळे पांढऱ्या कपड्यांत. नायिका हळूहळू भिंतीकडे चालत गेली. कॅमेरा तिच्या खांद्यावरून वर सरकला आणि भिंतीवर मी होते. पिवळ्या साडीत, हसत. फोटोला चंदनाचा हार होता. खाली उदबत्ती जळत होती.

"अव माय, हे तं आपली पोट्टी!" शेजारची काकू आनंदाने ओरडली. मग तिला हार दिसला आणि तिने तोंडावर पदर घेतला.

पडद्यावर कोणीतरी सांगत होतं की धाकटी कॉलेजच्या सहलीला गेली होती, घाटात बस उलटली. मी तोंड उघडं टाकून ऐकत होते. मी कसली सहल केली नव्हती, कसल्या बसमध्ये बसले नव्हते. अपघाताचा कुठलाही प्रसंग मी केला नव्हता. मी अमरावतीत पेपर लिहीत होते आणि तिकडे मी मेले होते.

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "हे कवा केलं तू?"

"मी नाही केलं, बाबा. मले माहीतच नाही."

"मंग मेली कशी?"



आई फोटोकडेच बघत होती. आवाज न चढवता तिने विचारलं, "हा फोटो यायच्याजवळ कसा गेला?"

"मी धाडला."

"कावून?"

"त्यायनं मांगितला म्हणून."

"हार घालाले देल्ला तू?"

मी काही बोलायच्या आत आत्या उठून उभी राहिली. आमच्याकडे उडता कावळा कोणाच्या डोक्याला शिवला, तर तो माणूस गेल्याचा खोटा निरोप नातेवाइकांना धाडतात. ते रडले की अरिष्ट टळलं, असं मानतात. आत्याने तोच उपाय काढला. "रडा वो साऱ्या," ती म्हणाली. "चांगलं मोठ्यानं रडा. अपशकुन इथंच निघून जाते. बसल्या कावून अशा?" आणि तिने स्वतः माझं नाव घेऊन हंबरडा फोडला.

मी तिच्यापासून दोन हातांवर बसले होते. माझं काय करायचं, ते मला कळेना. आधी बाया पदरात तोंड घालून हसत होत्या. "थोडी बाजूले सरक न वो, तू समोर बसली तं रडू कसं येईन," काकू मला म्हणाली. मी खरंच बाजूला सरकले. मग एकीला हुंदका आला आणि तो खरा होता. बघता बघता सगळ्या रडायला लागल्या. बाबा उठून अंगणात गेले.

फक्त आई रडली नाही. ती टीव्हीपाशी गेली, बटण बंद केलं आणि बंद पडद्यावरून पदर फिरवला, जणू त्यावर काही सांडलं होतं. तिच्याकडे बघून मला पहिल्यांदा भीती वाटली.

मी परसात जाऊन सरांना फोन लावला.

"अगं, तुला कोणी सांगितलं नाही का?" ते खरंच चकित झाले होते. "तुझ्या तारखांची अडचण होती ना. लेखकांनी म्हटलं, ट्रॅकच संपवू. नायिकेला सहानुभूती मिळते. फोटो मात्र फार गोड होता हं तुझा."

"सर, मग मी परत कधी येऊ?"

हे मी विचारलं. अजूनही आठवलं की कानशिलं तापतात.

ते हळूच हसले. वाईट हसले नाहीत. "येशील कशी? गेलीस ना तू."

दुसऱ्या दिवशी सकाळी चांदूर बाजारहून फोन आला. बायोडाटा गेलेल्या तीन घरांपैकी एक. बाबांनी फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडून एक बाई विचारत होत्या, "पोरगी बरी हाये न तुमची? आमच्या सुनेनं काल फोटो पाह्यला म्हणे."

"बरी हाये. चहा पिऊन राहिली," बाबा म्हणाले.

"मंग आता टीव्हीचं काम सुटलं असंन. दुसरा फोटो असला तं धाडा. तो नका धाडू आता."

बाबांनी फोन ठेवला. मग कपाट उघडून त्यांनी बायोडाटा बाहेर काढला. "परवा अकोल्याले जाऊ. दुसरा फोटो काढू." ते रागावले नव्हते. आमचं तसं ठरलंच होतं. टीव्हीवर दिसते तोवर थांबायचं, आणि आता मी दिसणार नव्हते.

मला वाटलं, मी आत्ता गप्प राहिले तर हे आपोआप होऊन जाईल. फोटो, मुलाकडचे, हळद. मालिकेत मला मारलं ते तरी कळलं. हे तर मी चहा पिता पिता होणार होतं.

"बाबा, मले एक पिक्चर करायचा हाये," मी म्हणाले. आवाज चिरकला.

अमरावतीत आमच्या कॉलेजच्या नाटकाच्या ग्रुपमधली एक ताई होती. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मागून आणलेला कॅमेरा आणि दहा माणसं घेऊन ती अकोल्याजवळच्या एका गावात सिनेमा करणार होती. हिवाळ्यात तिने मला मुख्य काम देऊ केलं होतं, मी मालिकेच्या तारखा सांगून नाही म्हटलं होतं. पण तिने झेरॉक्स करून बांधलेली अख्खी संहिता मला दिली होती. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मालिकेत मला फक्त माझी वाक्यं मिळायची, तीही मेकअपच्या खुर्चीत. आदल्या संध्याकाळी परसातून मी दुसरा फोन ताईलाच केला होता. तिला अजून कोणी मिळालं नव्हतं.

मी हे सगळं अडखळत सांगितलं. बाबा बायोडाटाचा कागद उलटसुलट करत होते. आईने विचारलं, "त्याच्यात तरी जिती राह्यतं का?"

मी हो म्हणू शकले असते. तो सिनेमा टीव्हीवर येणार नव्हता, आमच्या गावात तर नाहीच. आईला कधी कळलंही नसतं.

"नाही," मी म्हणाले. "शेवटी मरतो मी."

बाबांनी कपाळाला हात लावला. आई माझ्याकडे बघत राहिली.

"दाखोतेत?"

"हो. घरात ठेवलेली दाखोतेत."

"हे तुले आत्ताच माहीत हाये?"

"आत्ताच. सारं वाचलं मी."

आई उठली, बाबांच्या हातातला कागद घेतला आणि कपाटात ठेवून आली. "मी येईन संगं," एवढंच म्हणाली. बाबांनी तिच्याकडे बघितलं, पण कपाट पुन्हा उघडलं नाही.

माझ्या मरणाच्या प्रसंगाचं चित्रीकरण होतं त्या दिवशी दुपारी आम्ही एका खोलीच्या घरात होतो. ताई स्वतःच लाइटचा स्टँड उचलून इकडून तिकडे नेत होती. आईने आल्या आल्या तिला दोन गोष्टी सांगितल्या. नाकात कापूस घालायचा नाही आणि हार घालायचा नाही. ताईने वही काढून त्या लिहून घेतल्या.

मी सतरंजीवर आडवी झाले. अंगावर पांढरी चादर होती. त्याच गावातल्या बाया भोवती बसून रडू लागल्या. मी श्वास धरला. डोळे मिटलेले असताना मला फक्त एकाच गोष्टीचं भान होतं, दाराजवळ आई उभी आहे आणि तिच्या बांगड्या जराही वाजत नाहीत.

"कट," ताई म्हणाली. मग जरा थांबून, "एक अजून घेऊ. पापणी हालली तिची."

"एक खेप मेलेली पाह्यली मी," आई म्हणाली. "दुसरी नाही." ती पुढे आली, माझ्या अंगावरची चादर ओढून घेतली आणि घडी करायला लागली.  ताईने आईला अडवलं नाही. तिने कॅमेरा बंदही केला नाही.

माझी पापणी हलली होती. ते मला आत, डोळ्यांपाशी कळलं होतं. मी उठून बसले, "राहू दे ताई," म्हणायला तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, "आई, चादर दे."

ऐकून मीच दचकले. जन्मात मी आईला असं काही मागितलं नव्हतं.

आई अर्धी घडी हातात घेऊन उभी राहिली. मग तिने ती उलगडली. मला दिली नाही. मी आडवी झाल्यावर तिनेच ती माझ्या अंगावर टाकली, पाय झाकले, आणि बाहेर न जाता कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी भिंतीला टेकून बसली.

"आता पापणी हालवू नको," ती म्हणाली. "तिसरी खेप मी पाह्यणार नाही."