शोरूममधला रणगाडा

आयुष्यभर ज्याने लोकांच्या गाड्यांवरचे ओरखडे घालवले, त्याला म्हातारपणी ओरखडे पाडायचा छंद लागावा, याला काय म्हणावं? गॅरेजात त्याला सगळे 'आरसा' म्हणत. चेपलेली गाडी तो ठोकून, पुट्टी भरून, घासून, रंगवून अशी परत करी, की मालक तिच्यात बघून भांग पाडत. अडतीस वर्षं हेच केलं. मग गॅरेज सोडलं आणि मधल्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलावर, वीतभर लांबीचे प्लॅस्टिकचे रणगाडे जोडायला बसला.

जोडणं सोपं, रंगवणं तर त्याच्या हातचा मळ. घोडं पेंड खात होतं ते पुढेच. गावात अशा हौशी लोकांचं एक मंडळ होतं. ते वर्षातून एकदा प्रदर्शन भरवी. मंडळाचा चिटणीस दातांचा डॉक्टर होता. कुठलं मॉडेल टेबलावर चढेल आणि कुठलं पिशवीतून घरी जाईल, हे तोच ठरवी. पहिल्या वर्षी त्याने आरशाचा हिरवा रणगाडा डोळ्यांजवळ धरला. "काका, हा युद्धावर कधी गेला हो? शोरूममधून थेट इथेच आलेला दिसतोय." दुसऱ्या वर्षी आरशाने बर्फात लपणारा पांढरा रणगाडा नेला. डॉक्टरने तो उचललासुद्धा नाही. "फ्रिज छान झालाय," म्हणाला, "दार कुठून उघडतं?"

सगळे हसले. आरसाही हसला, पण घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलला नाही. कुणाशी म्हणजे बायकोशी; घरात दुसरं होतं कोण?

यंदा तिसरी खेप. तीनदा परत गेलेल्याला मंडळ नवशिक्यांच्या वर्गात घाली, तिथे शाळकरी मुलं विमानांना डिंक लावत बसत. अडतीस वर्षांचा कसबी हात आणि तिथे बसणार? त्यापेक्षा रणगाडे रद्दीत देईन, असं त्याने बायकोला सांगून ठेवलं होतं. आणि तो ते करील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

रणगाडा वापरून झिजलेला दाखवायची युक्ती डॉक्टरनेच सांगितली होती. आधी हिरवा रंग. तो वाळला की त्यावर केसांवर मारायचा स्प्रे, आणि त्यावर पांढरा. मग ओला ब्रश फिरवला की मधला स्प्रे विरघळतो आणि पांढऱ्याचे टवके उडतात. खऱ्या रणगाड्यांचं तसंच व्हायचं ना, थंडीत कुडकुडणाऱ्या सैनिकांनी मिळेल त्या झाडूने चुना फासायचा आणि तो आठवड्याभरात पोपडे धरायचा.

शनिवारी सकाळी आरशाने हिरवा दिला, बायकोचा स्प्रे मारला, पांढरा दिला. दुपारी ब्रश ओला करून घासायला बसला. घास घास घासलं. एक टवका उडेल तर शपथ.

"माझा स्प्रे जुना असेल," बायको दारातून म्हणाली.

"स्प्रेचा दोष नाही." आरशाने टेबलावरची बाटली तिच्यासमोर धरली. लॅकरची होती, पाणी न शिरू देणाऱ्या पारदर्शक रोगणाची. गॅरेजात थर लॅकरने बंद केल्याशिवाय पुढचा रंग द्यायचा नाही, हा दंडक. स्प्रे वाळला तसा त्याच्या हाताने डोक्याला न विचारता लॅकर मारून टाकला होता. आता पाणी खालपर्यंत पोचतंय कशाला!

"म्हणजे पुन्हा फ्रिज," बायको म्हणाली.

"तू तरी नको."

प्रदर्शन दुसऱ्या दिवशी सकाळी. रंग उतरवून पुन्हा द्यायला वेळ नव्हता. त्याने पात्याचं टोक घेतलं आणि पांढऱ्यावर टवके पाडायला लागला. अर्ध्या तासाने बायकोने चष्मा लावून पाहिलं. टवके सगळे एका मापाचे, एका ओळीत, सारख्या अंतरावर.

"अहो, ह्याला कांजिण्या झाल्यात."

"मग तू सांग कुठे पाडू!" त्याने पातं आपटलं. "मला खराब करता येत नाही गाडी. येतच नाही!"

बायकोने खुर्ची ओढली. एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई ती, दोघांची ओळखच मुळी चेपलेल्या बंपरवरून झालेली. "खराब करू नका. गाडी दुरुस्तीला आली आहे असं समजा. मी ड्रायव्हर. विचारा काय विचारायचं ते."

"काय पोरखेळ लावलाय."

"विचारता, की जाऊ?"

आरशाने नाइलाजाने रणगाडा आपल्याकडे वळवला. "काय झालं गाडीला?"

"काही नाही. उभी होती, कुणीतरी ठोकून गेलं."

"सगळे हेच सांगतात. चढता कुठून?"

"डावीकडून. रोज. उजवीकडे ती अवजड साखळी बांधलीय, कोण मरायला जातंय तिकडे?"

"म्हणजे डावीकडची कड बुटांनी घासलेली. झाकण कोण उघडतं?"

"मीच, आणि रागाने. आतला तोफवाला पाय पसरून झोपतो."

"मग मूठ उघडी पडलेली आणि झाकणाची कडही." त्याचा हात आपोआप पॉलिश पेपरकडे गेला. "डिझेल भरताना सांडतं?"

"सांडतं म्हणजे? बोटं गारठलीत माझी. तुम्ही भरून दाखवा!"

"आणि मागचा कोपरा?"

बायको जरा घुटमळली. "त्याचं मला काही माहीत नाही."

"बाई, तिथे विटेची भुकटी दिसतेय मला."

"बरं, मागे घेताना भिंत लागली. पण हळूच!"

मग मात्र त्याचा हात सुटला. ओरखडा पाहून अपघात ओळखणं हा त्याचा जन्मभराचा धंदा. आता तो उलटा चालू होता. अपघात आधी, ओरखडा मागून. पॉलिश पेपरची नखाएवढी घडी पाण्यात बुडवून तो डावी कड घासत गेला. पांढरा पातळ झाला, खालून हिरवा डोकावला, धारेवर सगळ्यात खालचा काळपट प्राइमर निघाला. तिथे पेन्सिलीचं शिसं चोळल्यावर लोखंड उघडं पडल्यासारखं दिसायला लागलं. उजवी बाजू त्याने तशीच सोडली. डिझेलच्या तोंडाखाली तेलकट ओघळ आला, तोही वाकडा. कांजिण्यांवर चिखल गेला.

रविवारी सकाळी डॉक्टरने रणगाडा हातात घेतला आणि चहूबाजूंनी फिरवून पाहिला. बायको मागे पर्स घट्ट धरून उभी.

"डावी बाजू एवढी खाल्लेली आणि उजवीवर बोटही नाही, असं कसं?" डॉक्टरने विचारलं.

"तिकडून कुणी चढतच नाही. साखळी आडवी येते."

डॉक्टरने साखळी पाहिली, डावी कड पाहिली, मागचा कोपरा पाहून भुवई उंचावली. मग खिशातून पेन काढून टेबलावरच्या कोऱ्या चिठ्ठीवर आरशाचं नाव लिहिलं आणि रणगाडा आपल्या रणगाड्याशेजारी मांडला.

आरशाने सुस्कारा सोडला. बायकोला वाटलं, आता माणूस चहा प्यायला येईल. तो कसला येतोय! तो डॉक्टरच्या रणगाड्यावर वाकला.

"डॉक्टर, ह्याच्या छपरावर गंज कशानं आला? वर कुणी पाय ठेवत नाही, पाणी साचायला खळगा नाही."

"तिथे... बरा दिसतो, म्हणून."

"ड्रायव्हर खोटं बोलतोय," आरसा म्हणाला आणि पुढच्या टेबलाकडे वळला. दुपारपर्यंत त्याने सतरा रणगाड्यांच्या ड्रायव्हरांना खोटं पाडलं, आणि बायकोने एकटीने दोन चहा संपवले.